भाकरीची कड फाटते तेव्हा

सकाळी सहाला पोरांचा खो-खो घ्यायचा आणि आठला घरी येऊन गरम भाकरी खायची, हा माझा सोलापुरातला नेम. गेल्या उन्हाळ्यात मुलगी भाकरी थापायला शिकत होती. मी परातीसमोर बसून सुरू: पीठ लाव, हलक्या हातानं, फिरव, अगं फाटली बघ! शेवटी बायको म्हणाली, "अहो, मैदानावरही अशीच बडबड करता का?"

नाही करत. खांबावर सूर मारताना हात हुकला, तर कुठं चुकलं हे धुळीत पडलेल्या पोराला माझ्याआधी कळलेलं असतं. चार-पाच सूर होऊ देतो, मग विचारतो, "उडी कुठून घेतलीस?"

यामागं शास्त्र आहे. कॅरोली विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना एक दांडा ठरावीक पद्धतीनं हलवायला शिकवलं. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर चूक सांगितली. दुसऱ्याला निम्म्याच वेळा, तीही आधी जास्त, पुढं कमी. सराव चालू असताना फारसा फरक दिसला नाही. दुसऱ्या दिवशी काहीही न सांगता तेच करायला लावलं, तेव्हा कमी ऐकलेले सरस ठरले. याचा एक अर्थ असा लावतात की उत्तर सतत बाहेरून मिळालं की आपलेच हात आणि डोळे काय सांगताहेत, याकडं लक्षच जात नाही.

आणि भाकरी तर बोलकीच. गव्हाच्या कणकेला धरून ठेवणारं ग्लुटेन ज्वारीत नसतं. कढत पाण्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, तोच भाकरीला बांधून ठेवतो. पाणी कोमट पडलं किंवा मळणं कमी झालं की कड फाटते. एवढा स्पष्ट निरोप समोर असताना माझी बडबड कशाला?

अर्थात गप्प बसणं हा सगळ्यावरचा उपाय नव्हे. गुंतागुंतीच्या कामात नवख्याला सुरुवातीला जास्तच सांगावं लागतं. आधणाचं पाणी ओतताना तर मी ओरडणारच.

बोलण्यातही हेच. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला १९७०च्या सुमारास आढळलं, की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. मी मात्र "पेपर कसा गेला?" म्हणून लगेच "गणित राहिलं ना?" असं जोडून देतो. तीन सेकंद मोजून बघा, फार लांब असतात.

दुसऱ्या दिवशी मी तोंडाला कुलूप लावून बसलो. कड फाटली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी पंख्याकडं. मग तिनंच गोळा मोडला, गरम पाण्याचा हात लावून पुन्हा मळला. तिसरी भाकरी टम्म फुगली. आधीच्या दोन मी खाल्ल्या, शेंगाचटणीबरोबर.