घासल्याशिवाय ठिणगी: पाण्याच्या थेंबांचं केल्विन यंत्र

स्थितिक विद्युत शिकवताना कंगवा, केस आणि कागदाचे कपटे यांच्यापुढे आपण फारसे जात नाही. त्यातून ‘घासल्याशिवाय ही वीज तयारच होत नाही’ अशी समजूत पक्की होते. ती चुकीची आहे. ग्लासगोच्या विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या शास्त्रज्ञांनी, 1867 साली असं उपकरण मांडलं ज्यात काहीही घासलं जात नाही. नुसतं पाणी पडतं आणि ठिणगी उडते. ते घरातल्या वस्तूंतून बनवता येतं.

लागणाऱ्या वस्तू अशा: एक प्लॅस्टिकची बादली, एक-दीड लिटरचे दोन स्टीलचे डबे, रुंद पॅकिंग टेपची दोन रिकामी रिळं (आतला व्यास साधारण साडेसात सेंमी), स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, तांब्याची तार, थर्माकोलचे ठोकळे, आणि मेडिकलमधून आणलेले सलाइनचे दोन नवे सेट. सेटमधली थेंब मोजायची पारदर्शक कोठी कापून टाका, फक्त नळी आणि वेग कमी-जास्त करायचं चाक ठेवा. त्या कोठीत पाणी सुटं होऊन पडतं, त्यामुळे बादलीपासून तोटीपर्यंतचा विद्युत संपर्क तुटतो. हे उपकरण न चालण्याचं सर्वात न सुचणारं कारण हेच असतं. नळीच्या टोकाला काचेच्या ड्रॉपरचं निमुळतं टोक एम-सीलने बसवा, ही झाली तोटी. छिद्र साधारण 1 मिमी हवं.

बादली उंचावर ठेवून दोन्ही नळ्या सायफनने सुरू करा. नळीत हवेचा मोठा बुडबुडा राहू देऊ नका. साधं नळाचं पाणी उत्तम, कारण त्यातले क्षार वीज वाहून नेतात. रिळांना आतून-बाहेरून फॉइल गुळगुळीत चिकटवली की आपली कडी तयार झाली. प्रत्येक तोटीखाली एक कडं पीव्हीसी पाइपच्या चौकटीवर टांगा, आणि कड्याखाली सुमारे 15 सेंमीवर थर्माकोलवर ठेवलेला डबा. आता तारा: डावं कडं उजव्या डब्याला, उजवं कडं डाव्या डब्याला. तारा एकमेकींपासून किमान 5 सेंमी लांब राहू द्या. कडं त्याच बाजूच्या डब्याला जोडलं तर प्रभार वाढण्याऐवजी मरतो.

हे चालतं कसं? डाव्या कड्यावर योगायोगाने किंचित ऋण प्रभार आहे असं धरा. इतका क्षुल्लक असमतोल नेहमीच असतो. कड्याच्या मधून पडणारी धार अजून बादलीतल्या पाण्याला जोडलेली आहे, म्हणून प्रवर्तनाने, म्हणजे स्पर्श न होता जवळच्या प्रभाराच्या ओढीने, तिच्या टोकाकडे धन प्रभार ओढला जातो. त्याच क्षणी थेंब तुटला, की तो धन प्रभार थेंबासोबत अडकतो आणि डाव्या डब्यात जमा होतो. हा डबा उजव्या कड्याला जोडलेला, म्हणून ते कडं धन. तिथले थेंब ऋण. ते उजव्या डब्यात. आणि उजवा डबा डाव्या कड्याला जोडलेला. म्हणजे डावं कडं आणखी ऋण झालं. फेरा पूर्ण.

डब्यावर आधीच धन प्रभार असताना नवा धन थेंब आपला प्रभार त्याला देतो कसा? डबा पोकळ वाहक आहे. थेंब आत खोल पडला की त्याचा प्रभार डब्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर जातो. फॅरेडेंनी 1843 मध्ये बर्फाच्या बादलीने हेच दाखवलं होतं. म्हणून डबा खोल हवा आणि निम्म्याहून जास्त भरू देऊ नये. तळाशी तारेची घासणी टाकली तर पाणी उडत नाही.

थोडा हिशेब करू. कड्यावर 1,000 व्होल्ट असतील तर 3 मिमीच्या थेंबावर ढोबळमानाने 0.1 नॅनोकूलोम प्रभार येतो. धारेतून सेकंदाला पन्नासेक थेंब तुटतात. डबा, कडं आणि तार मिळून धारकता (प्रभार साठवण्याची क्षमता) 30 पिकोफॅरडच्या आसपास. यावरून व्होल्टेज दर चार सेकंदांनी दुप्पट होतं. चक्रवाढ व्याजासारखी ही वाढ 1 व्होल्टपासून सुरू झाली, तरी तेरा दुपटींत 8,000 च्या पुढे जाते, म्हणजे मिनिटाच्या आत.

गळती मात्र या हिशेबात निर्णायक आहे. थर्माकोलवरच्या ओलाव्यातून प्रभार सहा-सात सेकंदांत दोन-तृतीयांश गळून जात असेल, तर वाढ आणि गळती बरोबरीला येतात. मग उपकरण ‘थोडं कमी’ चालत नाही, मुळीच चालत नाही. त्यासाठी विद्युतरोध दोनशे अब्ज ओहमच्या वर हवा. पावसाळ्यात आणि कोकण किनाऱ्यावर निराशा पदरी येते ती यामुळेच. विदर्भ-मराठवाड्यातली कोरडी हिवाळी दुपार निवडा, ठोकळे हेअर ड्रायरने वाळवा. तारांची टोकदार अग्रं फॉइलच्या गोळ्यांत लपवा, कारण टोकातून प्रभार हवेत निसटतो.

धार कड्याच्या मध्यावर तुटली पाहिजे. कड्याच्या वर तुटली तर प्रवर्तन कमी, खूप खाली तुटली तर तेच. 1 मिमीची धार सेकंदाला 1 मीटर वेगाने चार-पाच सेंमीवर तुटते. चाक फिरवून जुळवा. थेंब बाहेर फेकले जाऊन कड्याकडे वळू लागले, काही तर वर उसळले, की समजा जमलं. डब्यांना जोडलेल्या दोन गुळगुळीत गोल धातूच्या मुठी 5 मिमी अंतरावर ठेवल्या, तर सुमारे 15,000 व्होल्टच्या फरकाला ठिणगी पडते.

ही ऊर्जा फुकट नाही. 14 मिलिग्रॅमचा थेंब 15 सेंमी पडताना सुमारे 20 मायक्रोज्यूल कमावतो. डबा त्याला ढकलत असतो आणि त्या विरोधाविरुद्ध पडण्यात ती खर्च होते. डबा 14,000 व्होल्टच्या घरात गेला की थेंबाची कमाई पुरत नाही. ‘पाण्यापासून मोफत वीज’ म्हणून फिरणारे व्हिडिओ हे सांगत नाहीत. ‘चार्ज केलेलं पाणी’ प्यायल्याने आजार बरे होतात हा दावाही तसाच पोकळ: डब्याला बोट लावलं की क्षणात सगळा प्रभार जमिनीत जातो, उरतं ते नेहमीचं पाणी. याला ‘केल्विनचं वादळ’ असंही म्हणतात, पण खऱ्या ढगात प्रभार मुख्यतः बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळून वेगळे होतात.

ठिणगीत दीड-दोन मिलिज्यूल असतात; चटका बसतो, इजा होत नाही. पण मोठा धारक (कपॅसिटर) जोडू नका, पेसमेकर असलेल्यांनी लांब राहा, मोबाइल दूर ठेवा आणि घरातल्या विजेच्या सॉकेटशी याचा काडीचाही संबंध येऊ देऊ नका.

मिनिटभरात काहीच झालं नाही तर पीव्हीसी पाइप लोकरीवर घासून डाव्या कड्याजवळ क्षणभर धरा. पाइप ऋण असतो, म्हणून डावा डबा धन होईल. मग अंधारात टेस्टरचं टोक डब्याला लावून वरच्या धातूला बोट टेकवा: आतल्या निऑन दिव्याचा जो इलेक्ट्रोड ऋण बाजूला असतो तोच चमकतो, म्हणून डाव्या डब्यावर तुमच्या बोटाकडचा आणि उजव्यावर डब्याकडचा उजळेल.