विझत जाणारा अतिनवतारा

मे २०२३ मध्ये एम १०१ या दीर्घिकेत अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन प्रचंड उजळलेला तारा, दिसू लागला, तेव्हा सोलापुरात पावसाळ्याआधीचे निरभ्र आकाश होते. सप्तर्षींच्या शेपटीतील वसिष्ठ आणि मरीची यांच्याशी त्रिकोण करणारी ही दीर्घिका आपल्याकडून उत्तरेला क्षितिजावर सुमारे ५३ अंशांपर्यंत चढते. शहराच्या उजेडापासून दूर, नान्नजच्या माळावरून, साधारण अकराव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा फिका) तो ठिपका मध्यम आकाराच्या दुर्बिणीतून दिसण्याजोगा होता. प्रत ठाऊक असलेले शेजारचे दोन तारे, एक किंचित ठळक आणि एक किंचित फिका, निवडायचे आणि आपला ठिपका त्यांच्यामध्ये कोठे बसतो ते तारखेसह लिहायचे, एवढीच नोंदीची रीत आहे. जूनमध्ये ढग आले की नोंदींत खंड पडतो. त्याला इलाज नाही.

स्फोटाची मूळ उष्णता काही महिन्यांतच सरते. त्यानंतरचा प्रकाश मुख्यतः किरणोत्सारातून येतो. स्फोटात तयार झालेल्या निकेल-५६चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे ६ दिवस असते. त्यापासून कोबाल्ट-५६ बनते, ते ७७ दिवसांत निम्मे होते आणि शेवटी लोह उरते. या ऱ्हासातील गॅमा किरण बाहेर फेकल्या गेलेल्या द्रव्यात अडकले, तर ते द्रव्य तापून उजळते, आणि म्हणूनच तेजस्विता दर १०० दिवसांना जवळजवळ एका प्रतीने घटते. आलेखावर ही उतरती सरळ रेषा दिसते. वर्षभरात तेज सुमारे २६ पटींनी कमी होते.

खरी गंमत ही रेषा वाकते तेथे असते. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठा मॅगेलन मेघ या आपल्या शेजारच्या लहान दीर्घिकेत दिसलेला अतिनवतारा १९८७ए याचे उत्तम उदाहरण आहे. (हा मेघ सोलापुरातून जेमतेम तीन अंश वर येतो, त्यामुळे त्याच्या नोंदी दक्षिण गोलार्धातल्याच.) त्यात सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे ७ टक्के इतके निकेल तयार झाले होते. साधारण ५०० दिवसांनंतर दृश्य प्रकाश अपेक्षेपेक्षा वेगाने घटला आणि अवरक्त प्रकाश वाढला. वर्णपटातील रेषांची तांबडी बाजूही दबली, म्हणजे आपल्यापासून दूर जाणाऱ्या भागाचा प्रकाश अडत होता. थंड होणाऱ्या द्रव्यात धूळ तयार झाली होती आणि ती दृश्य प्रकाश शोषून अवरक्तात बाहेर टाकत होती. पुढे उतार मंदावला, कारण कोबाल्ट-५६ संपत आल्यावर २७२ दिवस अर्धायुष्याचे कोबाल्ट-५७ आणि त्यानंतर सुमारे ६० वर्षे अर्धायुष्याचे टायटॅनियम-४४ ऊर्जा पुरवू लागले. या टायटॅनियमच्या ऱ्हासातून निघणारे उच्च ऊर्जेचे किरण न्यूस्टार या अवकाश दुर्बिणीने थेट टिपले आहेत.