कपाळातली पोकळी आणि तिचा अरुंद बोळ

नवजात बाळाच्या कपाळाचं हाड भरीव असतं. फ्रंटल सायनस, म्हणजे भुवयांच्या वर हाडाच्या आत असलेली हवेची पोकळी, नंतर तयार होते. नाकाच्या छताजवळचं अस्तर हाड कोरत हळूहळू वर कपाळात शिरतं. एक्स-रेमध्ये ही पोकळी साधारण ६ ते ८ वर्षांच्या वयात दिसू लागते आणि विशीच्या उंबरठ्यापर्यंत वाढत राहते. काहींच्यात ती एकाच बाजूला असते, काहींच्यात अजिबात नसते, आणि त्यांचं काही अडत नाही.

डावी-उजवी पोकळी सहसा सारखी नसते. मधला हाडाचा पडदा क्वचितच बरोबर मधोमध असतो, कडाही वेड्यावाकड्या. दोन माणसांचे फ्रंटल सायनस सहसा जुळत नाहीत, एकसारख्या जुळ्या भावंडांचेही नाहीत. म्हणून न्यायवैद्यकात जुना एक्स-रे हाताशी असेल, तर त्यावरून मृतदेहाची ओळख पटवता येते. कल्बर्ट आणि लॉ या अमेरिकी डॉक्टरांनी अशी ओळख पटवल्याचं १९२७ मध्ये नोंदवलं होतं. शस्त्रक्रिया करणाऱ्याला मात्र हे वैविध्य डोकेदुखीच वाटतं.

आता या पोकळीचा शेजार पाहू. पुढची भिंत जाड आणि भक्कम. मागची भिंत पातळ, काही ठिकाणी तर मिलिमीटरभरही नाही, आणि तिच्या लगेच मागे मेंदूचं आवरण. तळाला डोळ्याच्या खोबणीचं छत. हाडातून जाणाऱ्या बारीक शिरांना झडपा नसल्यामुळे जंतुसंसर्ग त्यांच्यातून कुठल्याही दिशेला पसरू शकतो. लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी अठराव्या शतकात कपाळावरच्या मऊ, फुगीर सुजेचं वर्णन केलं. आत हाड सडतंय आणि बाहेर पू साठलाय, याची ती खूण. आजही हे दिसतं, विशेषतः किशोरवयीन मुलांत. सर्दीनंतर कपाळ फुगलं, पापणी सुजली, सोबत ताप आणि उलट्या असतील, तर वाफ घेत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

पण शस्त्रक्रियेचा खरा पेच पोकळीत नाही, तिच्या खालच्या वाटेत आहे. शरीरशास्त्रात तिला फ्रंटल रिसेस म्हणतात. ही स्वतःच्या भिंती असलेली नळी नव्हे; जुन्या वस्तीतल्या दोन घरांमधल्या बोळासारखी ती असते. बोळाची रुंदी बोळ ठरवत नाही, शेजाऱ्यांनी किती पुढे बांधलंय त्यावर ती ठरते. इथले शेजारी म्हणजे दोन डोळ्यांच्या मधल्या एथमॉइड हाडातल्या हवेच्या छोट्या खोल्या. पुढून ॲगर नासी नावाची खोली, मागून एथमॉइडची बुल्ला नावाची फुगीर खोली. त्यांच्या वरही एखाद-दुसरी जादा खोली थेट सायनसमध्ये डोकं काढून बसलेली. बाहेरच्या बाजूला डोळ्याची कागदासारखी पातळ भिंत, आतल्या बाजूला मिडल टर्बिनेट, म्हणजे नाकातलं मधलं वळलेलं हाड, आणि त्यापलीकडे वास घेणाऱ्या नसांचा प्रदेश. मागच्या कडेने एक धमनी आडवी जाते. ती तुटून डोळ्याच्या खोबणीत आखडली, तर आत रक्त साठतं आणि दृष्टीवर बेतू शकतं.

शेंबडाचा प्रवासही वेगळाच. अस्तरावरचे सूक्ष्म केस तो मधल्या पडद्यालगत वर नेतात, छतावरून बाहेरच्या बाजूला फिरवतात आणि तळावरून दाराशी, म्हणजे पोकळी बोळात उघडते तिथे, आणतात. त्यातला काही बाहेर न पडता पुन्हा फेरी मारतो. म्हणजे दाराशी जरा सूज आली, की आत तुंबणं आलंच.

हे कळायला सर्जनांना जवळपास शतक लागलं. रीडेल यांच्या १८९८ च्या पद्धतीत पुढची भिंत आणि तळ काढूनच टाकत. रोग जाई, पण कपाळाला कायमचा खळगा पडे. किलियन यांनी भुवईशी हाडाची पट्टी राखून चेहरा थोडा सावरला. १९१४ मध्ये बोस्टनच्या लोथ्रॉप यांनी दोन्ही बाजूंचे तळ आणि मधला पडदा काढून एकच मोठं दार करायची कल्पना मांडली. कल्पना अचूक होती, पण दिसेल असं साधन नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर वेगळीच तऱ्हा रूढ झाली: एक्स-रेवरून पोकळीच्या आकाराचा साचा कापायचा, तो कपाळाच्या हाडावर ठेवून कडेकडेने हाड कापायचं, झाकण उघडायचं, अस्तर पूर्ण खरवडायचं आणि पोटाची चरबी भरून पोकळीच बुजवायची. मला या साच्याच्या युक्तीचं कौतुक वाटतं. पण अस्तराचा एखादा तुकडा मागे राहिला, तर कित्येक वर्षांनी तिथे म्युकोसील, म्हणजे शेंबडाची फुगत जाणारी पिशवी तयार होई. ती हाड झिजवते, डोळा खाली आणि बाहेर ढकलते.

नाकात घालून पाहायची हॉपकिन्स यांची दुर्बीण आणि ऑस्ट्रियात ग्रात्सच्या मेसरक्लिंगर यांचा शेंबडाच्या वाटांचा अभ्यास, यांनी दिशा बदलली. १९९१ मध्ये जर्मनीच्या ड्राफ यांनी नाकातून करायच्या शस्त्रक्रियेच्या पायऱ्या आखल्या. पहिलीत फक्त बोळातल्या खोल्या काढायच्या. तिसरीत लोथ्रॉपचं मोठं दार, आता ड्रिलने आणि डोळ्यांदेखत. नियम मात्र एकच: दाराभोवतीचं अस्तर सगळीकडून सोलायचं नाही. सोललं की व्रण आखडतो आणि दार पुन्हा बंद होतं. म्हणून आधी सीटी स्कॅन तिन्ही दिशांनी वाचावा लागतो. बाजूने घेतलेल्या छेदात बोळ सर्वांत स्पष्ट दिसतो.

कपाळ दुखणाऱ्या प्रत्येकाला यातलं काही लागत नाही. २००४ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात सायनसची डोकेदुखी समजणाऱ्या २,९९१ जणांपैकी ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसली. अशांच्या नाकात ड्रिल घालून काही साधत नाही.

आणि जुनं सगळंच टाकाऊ ठरलेलं नाही. स्टॅफिलोकॉकस जंतूला नाव देणारे ॲबर्डीनचे ऑगस्टन यांनी १८८४ मध्ये कपाळाच्या हाडाला भोक पाडून फ्रंटल सायनस मोकळा केला होता. पू दाटून आलेल्या तातडीच्या रुग्णात आजही भुवईशी छोटा छेद घेऊन तसंच भोक पाडतात, आणि कधी वरून सलाईन सोडून ते नाकात कुठे उतरतं हे दुर्बिणीने पाहत दार शोधतात.