मत तेच, वागणं वेगळं

जुलै २०१४ मध्ये इराकमधल्या मोसुल शहरात ख्रिश्चनांच्या घरांच्या भिंतींवर रंगाने एक अक्षर काढलं गेलं. अरबी लिपीतलं 'नून': वाटीसारखा अर्धगोल आणि त्यावर एक टिंब. नून म्हणजे 'नसरानी', नाझरेथच्या येशूला मानणारे. शहर आयसिसच्या ताब्यात होतं. धर्म बदला, जिझिया भरा, निघून जा, नाहीतर मरा, असं त्या घरांतल्या लोकांना सांगण्यात आलं. बहुतेकांनी घरं सोडली. ऑगस्टमध्ये मोसुलजवळचं काराकोश हे ख्रिश्चन बहुसंख्येचं गावही पडलं आणि तिथली माणसं रातोरात एर्बिलच्या दिशेने पळाली.

काही वर्षांनी, आयसिसचा पराभव झाल्यावर, याच विस्थापितांमध्ये राज्यशास्त्राच्या संशोधक सलमा मूसा यांनी फुटबॉलच्या स्पर्धा भरवल्या. एर्बिल आणि काराकोशमधले ५१ हौशी ख्रिश्चन संघ त्यात उतरले. अट एकच होती. प्रत्येक संघाला काही जादा खेळाडू घ्यावे लागतील आणि ते कोण असतील हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल. काही संघांच्या वाट्याला ख्रिश्चन खेळाडू आले, काहींच्या वाट्याला मुस्लिम. या मुस्लिम तरुणांचा आयसिसशी काडीचाही संबंध नव्हता. पण घर गमावलेल्या माणसाचं मन इतका काटेकोर हिशोब ठेवत नाही.

चिठ्ठी टाकण्यात या प्रयोगाचा सगळा जीव आहे. एरवी आपण बघतो की ज्यांना दुसऱ्या धर्माचे मित्र असतात ती माणसं जास्त मोकळी असतात. पण मैत्रीमुळे मोकळेपणा आला, की मुळात मोकळी होती म्हणून मैत्री झाली? नुसतं निरीक्षण करून हे सुटत नाही. कोण कोणाबरोबर खेळणार हे खेळाडूंच्या हातात नसेल, तरच नंतर दिसलेला फरक एकत्र खेळण्यामुळे पडला असं म्हणता येतं.

फरक पडला, आणि चांगला ठळक पडला. मुस्लिम सहकाऱ्यांबरोबर खेळलेल्या ख्रिश्चनांनी खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूला मत देण्याचं प्रमाण २६ टक्केबिंदूंनी (म्हणजे दोन टक्केवाऱ्यांतल्या फरकाने) जास्त होतं. स्पर्धा संपून सहा महिने झाल्यावरही मुस्लिमांबरोबर सराव करत राहण्याचं प्रमाण तर ४९ टक्केबिंदूंनी जास्त. 'आम्ही सगळे भाऊ-भाऊ' असं अर्जावर लिहून देणं सोपं असतं. सहा महिन्यांनी बूट घालून मैदानावर येणं ही वेगळी गोष्ट आहे.

आता मूसा यांच्या याच प्रयोगावरच्या शोधनिबंधाचा दुसरा भाग, जो बातम्यांमध्ये फारसा आला नाही. खेळाडूंना मोसुलमधल्या एका हॉटेलात जेवायची कुपनं दिली होती. मोसुल म्हणजे तेच शहर, भिंतीवरच्या नूनचं. मिश्र संघातले खेळाडू तिथे जास्त संख्येने गेले का? नाही. दोन्ही समाजांच्या एकत्र कार्यक्रमाला जास्त आले का? तेही नाही. 'मुस्लिम लोक' या एकूण समूहाबद्दल त्यांना काय वाटतं, हे विचारल्यावर उत्तरांत सातत्याने दिसावा असा बदल सापडला नाही. मैदानावरचा अमुक तमुक आपला झाला होता. त्याचा समाज जिथे होता तिथेच राहिला. हा निबंध २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत या दुसऱ्या भागात आहे.

मराठीत या गुणाला आपण सहिष्णुता म्हणतो. त्यातला 'सह' धातू म्हणजे सोसणे. जे आवडतं, पटतं, ते कोणी सोसत नाही. मानसशास्त्रात हल्ली याच मुद्द्यावर भर दिला जातो: पूर्वग्रह नसणं आणि सहिष्णू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरकत असेल तरच सहिष्णुतेचा प्रश्न येतो. राजकीय सहिष्णुता मोजणाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रश्नावलीच उलटी केली. आधी विचारायचं, तुम्हाला सर्वांत नावडता गट कोणता? आणि मग, त्या गटाला सभा घेऊ द्यावी का, त्यांच्या माणसाला शाळेत शिकवू द्यावं का? ज्यांच्याबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही त्यांना परवानगी देण्यात कसलं आलंय मोठेपण.

ख्रिस्ती आणि इस्लाम यांच्यात हरकतीला खऱ्या जागा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. गंमत अशी की त्या सगळ्या सामाईक आहेत. येशू कुराणात ईसा म्हणून येतो. कुमारी मातेच्या पोटी जन्मतो, मसीहा म्हणवला जातो. मरियमच्या नावाची एक अख्खी सूरा (कुराणातलं प्रकरण) आहे, १९ वी, आणि कुराणात नावाने उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री. पण ईसा प्रेषित आहे, देवाचा पुत्र नाही. त्रैक्याची कल्पना (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) तर एकेश्वराच्या तत्त्वाला थेट छेद देणारी. आणि चौथ्या सूरेत स्पष्ट म्हटलं आहे की त्याला क्रुसावर मारण्यात आलं नाही, तसा भास झाला. एका धर्माचा सगळा डोलारा ज्या शुक्रवारवर उभा आहे, तो शुक्रवारच दुसऱ्याला मान्य नाही.

याला भाऊबंदकी म्हणावं. अगदी परक्याशी बांधावरून भांडण होत नाही. फ्रॉइडने 'किरकोळ फरकांचा अहंकार' असा शब्दप्रयोग केला होता: शेजारपाजारचे, एकमेकांसारखे असलेले समूहच आपलं वेगळेपण सर्वांत कडवेपणाने जपतात. ('किरकोळ' हे बाहेरच्याच्या दृष्टीने. आतल्याला ते कधीच किरकोळ वाटत नाहीत.)

मग एक सरळ उपाय सुचतो: लोकांना एकमेकांच्या धर्माची नीट माहिती द्या, गैरसमज दूर करा. पुष्कळ सद्भावी माणसं आयुष्यभर हेच करत आली आहेत. मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप या दोघांनी २००६ मध्ये समूहांमधल्या संपर्कावरचे ५१५ अभ्यास एकत्र करून तपासले. संपर्काने पूर्वग्रह सरासरीने कमी होतो, हे त्यातून दिसलं. पुढे २००८ मध्ये त्यांनी विचारलं, तो कमी होतो तरी कशामुळे? माहिती वाढल्याचा परिणाम सर्वांत क्षीण निघाला. समोरच्याची धास्ती कमी होणं आणि त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघता येणं, या दोन गोष्टींचा परिणाम त्यापेक्षा कितीतरी मोठा. म्हणजे त्रैक्यावरचं व्याख्यान ऐकून फारसं काही होत नाही. त्रैक्य मानणाऱ्याच्या शेजारी बसल्यावर छातीत धडधडेनासं होणं, हे काम करतं.

या ५१५ अभ्यासांतल्या बहुतेकांत चिठ्ठी टाकलेली नव्हती, ही त्यांची दुबळी बाजू. नंतर २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने कडक चाळणी लावली: चिठ्ठी टाकलेली हवी आणि परिणाम त्याच दिवशी न मोजता काही काळाने मोजलेला हवा. तेव्हा चाळणीत फक्त २७ उरले.

म्हणूनच नायजेरियातल्या कदुना शहराचा प्रयोग मोलाचा. कदुना हे दंगलींनी पोळलेलं शहर. शरियाच्या प्रश्नावरून २००० मध्ये तिथे मोठी कत्तल झाली, मग २००२ मध्ये, पुन्हा २०११ मध्ये. परिणाम असा की नदीच्या उत्तरेला मुख्यतः मुस्लिम आणि दक्षिणेला मुख्यतः ख्रिश्चन, अशी शहराची फाळणीच झाली. तिथे अलेक्झांड्रा स्काको आणि शाना वॉरन यांनी संगणकाचे वर्ग काढले. ८४९ तरुण या अभ्यासात होते. सोळा आठवड्यांचा कोर्स, काही वर्ग मिश्र, काही एकाच धर्माचे. कोण कुठे बसणार ते पुन्हा चिठ्ठीने. वर्गात शांततेचा, सलोख्याचा शब्दही काढायचा नाही असं ठरलेलं. फक्त संगणक शिकायचा. हा फार शहाणा निर्णय होता असं मला वाटतं. सलोख्याच्या शिबिरात माणसं सलोख्याचीच उत्तरं देतात, त्यामुळे मोजायला काही उरतच नाही.

शेवटी दोन गोष्टी तपासल्या. एक, दुसऱ्या धर्माच्या लोकांबद्दलची मतं. त्यांत काहीही बदल नाही. चार महिने शेजारी बसूनही नाही. दुसरी, वागणं, आणि ते खऱ्या पैशांच्या खेळातून. हातात पैसे ठेवायचे आणि दुसऱ्या एखाद्याला त्यातले किती देता ते बघायचं. दुसऱ्याचे पैसे नष्ट करण्याची मुभा द्यायची आणि कोण ती वापरतो ते बघायचं. मिश्र वर्गातल्या मुलांनी एकाच धर्माच्या वर्गातल्या मुलांपेक्षा बराच कमी भेदभाव केला.

पण हा फरक आला कुठून? संशोधकांनी दोन्ही वर्गांची तुलना कोर्स न केलेल्या मुलांशी केली. मिश्र वर्गातली मुलं सुधारली, असं चित्र निघालं नाही. एकाच धर्माच्या वर्गातली मुलं बिघडली होती! वर्गात कोणी कोणाविरुद्ध भडकवलं नव्हतं. नुसतं चार महिने आपलीच आपली माणसं, चांगल्या वातावरणात, एकत्र. तेवढ्याने परक्याबद्दलचा हात आखडला. वेगळ्या शाळा, वेगळ्या वस्त्या, वेगळे क्लब यांकडे आपण 'कोणाला त्रास तर देत नाहीत ना' म्हणून बघतो. कदुनाचे आकडे पाहिल्यावर मला तसं बघणं जड जातं.

लगेच निष्कर्षावर उडी मारू नये म्हणून एक उलटं उदाहरण. पाकिस्तानात सरकारी हज यात्रेसाठी सोडत निघत असे. २००६ च्या हजच्या सोडतीत नाव लागलेल्या आणि न लागलेल्या १,६०० हून अधिक अर्जदारांना काही महिन्यांनी अर्थशास्त्रज्ञांनी गाठलं. हज म्हणजे आपल्याच धर्माच्या लाखो लोकांचा मेळा, तिथे परधर्मीय कोणीच नाही. कदुनाच्या तर्काने बघितलं तर हाजी जास्त कडवे होऊन परतायला हवेत. झालं उलटं. इतर पंथांच्याच नव्हे, तर इतर धर्मांच्या लोकांशीही बरोबरी आणि सलोखा असावा, असं मानण्याचं प्रमाण हाजींमध्ये जास्त निघालं. एक शक्यता अशी: मक्केत 'आपली माणसं' म्हणून जी भेटतात ती भलत्याच रंगांची, भाषांची, वेगळ्या पद्धतीने नमाज पढणारी असतात. कदुनाच्या वर्गात आपलं माणूस आपल्यासारखंच होतं. मक्केत तसं नसतं.

पैशांच्या खेळातला भेदभाव नोकरीच्या बाजारात कसा दिसतो, तेही मोजून झालंय. फ्रान्समध्ये २००९ साली खऱ्या जाहिरातींना बनावट अर्ज पाठवले गेले. दोघी अर्जदार सेनेगाली वंशाच्या, आडनाव एकच, दियुफ. शिक्षण आणि अनुभव सारखा. एकीचं नाव मारी, तिने एका कॅथलिक मदतसंस्थेत काम केलेलं. दुसरीचं नाव खदीजा, तिने तसंच काम इस्लामी मदतसंस्थेत केलेलं. मारीला २१ टक्के ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, खदीजाला ८ टक्के. वर्ण आणि मूळ देश तोच असल्यामुळे उरतो तो धर्म. आणि हे अशा देशात, जिथे कंपन्यांची माणसं स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवतात. त्यांची मतं विचारली असती तर बहुधा उत्तमच निघाली असती. पुन्हा तेच: मत एकीकडे, हात दुसरीकडे. इराकच्या मैदानावर ही फट माणुसकीच्या बाजूने उघडली होती, इथे उलट बाजूने.

याच कदुनामधले इमाम मुहम्मद अशफा आणि पास्टर जेम्स वुये यांची गोष्ट बघा. तरुणपणी दोघंही एकमेकांविरुद्धच्या हिंसक टोळ्यांत होते. १९९२ च्या दंगलीत वुये यांचा उजवा हात गेला. अशफांचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. १९९५ मध्ये दोघांनी मिळून मध्यस्थीचं काम सुरू केलं आणि ते पुढे कित्येक वर्षं चाललं. दोघांनीही आपला धर्मोपदेश सोडला नाही. एक मशिदीत, एक चर्चमध्ये, आपलाच मार्ग खरा असं सांगत राहिले.

जेरुसलेममध्ये ज्या जागी येशूला क्रुसावर चढवलं आणि पुरलं असं ख्रिस्ती परंपरा मानते, तिथे पवित्र कबरीचं चर्च आहे. आत सहा ख्रिस्ती पंथ एकमेकांच्या हक्कांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. कुठली पायरी कोणी झाडायची यावरूनही तिथे भांडणं झाली आहेत. म्हणून असेल, किल्ली त्यांच्यापैकी कोणाकडेच नाही. कित्येक शतकं ती जौदेह या मुस्लिम घराण्याकडे आहे आणि दार उघडायचा मान नुसैबेह या दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे. पहाटे आतले धर्मगुरू दाराच्या झरोक्यातून एक लाकडी शिडी बाहेर सरकवतात. वरचं कुलूप उंच आहे, त्याशिवाय हात पोहोचत नाही. ज्याच्या धर्मग्रंथानुसार येशू क्रुसावर मेलाच नाही, तो माणूस शिडीवर चढतो, किल्ली फिरवतो, खाली उतरतो आणि शिडी पुन्हा आत देतो.