माफी मागितली, पण कशाची?

एखादा धनाढ्य देणगीदार वर्णद्वेषी बोलतो. ते बोलणे बाहेर फुटते, तो माफी मागतो आणि ज्या पक्षाला त्याने पैसे दिले तो पक्ष म्हणतो, झाले गेले विसरून जा. अशा वेळी विषय खरोखर संपतो का? यावर तावातावाने वाद होतात. पण कोणती माफी लागू पडते, कोणती उलटते आणि का, यावर गेल्या चाळीसेक वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी बरेच प्रयोग केले आहेत, आणि त्यांचा या वादात फारसा उल्लेख होत नाही. ब्रिटनमधले एक प्रकरण समोर ठेवून ते पाहण्यासारखे आहेत.

११ मार्च २०२४ रोजी ‘द गार्डियन’ने बातमी दिली. फ्रँक हेस्टर हे लीड्समधल्या ‘द फीनिक्स पार्टनरशिप’ या कंपनीचे मालक. दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर ही कंपनी बनवते आणि ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा ते वापरते. हेस्टर आणि त्यांच्या कंपनीने २०२३ या एका वर्षात तेव्हाच्या सत्ताधारी हुजूर पक्षाला १ कोटी पौंड दिले होते. बातमी होती २०१९ मधल्या कंपनीच्या एका बैठकीची. डायान अ‍ॅबट यांना टीव्हीवर पाहिले की सगळ्याच कृष्णवर्णीय स्त्रियांचा द्वेष करावासा वाटतो, आपण तसा द्वेष करत नाही, पण या बाईंना गोळी घातली पाहिजे, असा हेस्टर यांच्या बोलण्याचा आशय होता. अ‍ॅबट या ब्रिटनच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला खासदार, १९८७ पासून निवडून येणाऱ्या. जो कॉक्स (२०१६) आणि डेव्हिड एमेस (२०२१) या दोन खासदारांचे भर मतदारसंघात खून झालेल्या देशात ‘गोळी घाला’ हे शब्द कसे ऐकू येत असतील, याची कल्पना करावी.

त्याच दिवशी हेस्टर यांच्या वतीने निवेदन आले. काही वर्षांपूर्वीच्या एका खासगी बैठकीत आपण अ‍ॅबट यांच्याबद्दल उद्धटपणे बोललो, हे त्यांनी मान्य केले. मात्र त्या टीकेचा अ‍ॅबट यांच्या स्त्री असण्याशी किंवा कातडीच्या रंगाशी काहीही संबंध नव्हता, असे पुढे म्हटले. आयरिश स्थलांतरितांचे मूल म्हणून आपण स्वतः वर्णद्वेष सोसला आहे, आपल्याला त्याची घृणा आहे, अ‍ॅबट यांची माफी मागण्यासाठी आपण दोनदा फोन केला आणि आपल्याला मनापासून वाईट वाटते, असेही त्यात होते.

आता हे निवेदन सुटे करून पाहू. रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा भाग वेगळे केले: खेद, घडले कसे याचे स्पष्टीकरण, जबाबदारीची कबुली, पुन्हा असे न करण्याची हमी, नुकसान भरून देण्याची तयारी आणि क्षमेची विनंती. साडेसातशेच्या आसपास लोकांवर दोन प्रयोग झाले. नोकरीसाठी आलेल्या एका हिशेबनिसाने आधीच्या नोकरीत एका अशिलाचे करविवरण चुकीचे भरले होते, अशी गोष्ट त्यांना दिली आणि या सहांपैकी काही किंवा सगळे भाग असलेली माफी किती पटते, ते विचारले. जास्त भाग असलेली माफी जास्त पटली. पण सगळे भाग सारख्या वजनाचे निघाले नाहीत. सर्वांत वरचढ ठरली जबाबदारीची कबुली, तिच्या खालोखाल भरपाईची तयारी. सर्वांत कमी उपयोगाची क्षमेची विनंती.

हेस्टर यांच्या निवेदनात खेद आहे, माफीसाठी धडपड आहे. भरपाईचा शब्द नाही. आणि सर्वांत वजनदार भाग, म्हणजे कबुली, भलत्याच गोष्टीची आहे. आक्षेप होता वर्णद्वेषाचा आणि हिंसक भाषेचा. कबुली मिळाली उद्धटपणाची. ज्या वाक्यात ‘सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया’ हे शब्द होते, त्या वाक्याचा रंगाशी संबंध नाही, असे सांगितले गेले. ज्या अपराधाबद्दल लोक विचारत होते त्याची माफी या निवेदनात नाहीच. म्हणून ‘माफी मागितली आहे ना’ हा युक्तिवाद इथे पहिल्याच पायरीवर अडतो.

पण असे निवेदन लिहिणारे लोक मूर्ख नसतात. ते अशी कबुली का टाळतात, यामागे एक ठोस कारण आहे आणि ते पीटर किम आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधल्या संशोधनातून कळते. माणसाकडून झालेली चूक आपण दोन खात्यांत टाकतो, कुवतीच्या किंवा सचोटीच्या. कुवतीतली एखादी चूक आपण सहज सोडून देतो. चांगल्या खेळाडूचाही एखादा दिवस वाईट जातो. सचोटीचे गणित उलटे आहे. प्रामाणिक वागणे कुणालाही, सोय असेल तेव्हा जमते, त्यामुळे त्यावरून फारसे कळत नाही. पण एकच अप्रामाणिक कृत्य माणसाच्या आतले काहीतरी दाखवून गेले, असे आपण धरतो. परिणाम असा की कुवतीच्या चुकीवर माफी चालते, सचोटीच्या चुकीवर माफी म्हणजे पुरावाच ठरते आणि नाकारणे जास्त लागू पडते. वर्णद्वेषी बोलणे लोक दुसऱ्या खात्यात टाकतात. म्हणून सल्लागार काय करतात? अपराध उचलून पहिल्या खात्यात ठेवतात. ‘शब्दांची निवड चुकली’, ‘उद्धटपणा झाला’, ‘तोल गेला’. याच संशोधनात पुढे हेही दिसले की नाकारण्याचा फायदा दोष सिद्ध होईपर्यंतच टिकतो. पुरावा समोर आला की नाकारणाऱ्यावरचा विश्वास माफी मागणाऱ्यापेक्षा खाली जातो. बोललेले शब्द जसेच्या तसे छापून आलेले असताना नाकारणे ही वाईट खेळी आहे.

मग पूर्ण माफी मागितली तर लोक निवळतात का? नेहमी नाही, हे कबूल केले पाहिजे. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हार्वर्ड विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष लॅरी समर्स यांचे स्त्रिया आणि विज्ञान याबद्दलचे २००५ मधले वादग्रस्त विधान वापरले होते. काही वाचकांना त्यांनी माफी मागितल्याचे सांगितले, काहींना ते ठाम राहिल्याचे. माफीची गोष्ट वाचलेल्यांपैकी जास्त जणांना त्यांना शिक्षा व्हावी असे वाटले. म्हणजे जनमत शांत करण्याचे साधन म्हणून माफी बेभरवशाची आहे. याचा अर्थ माफी मागू नये असा मी काढत नाही. ती प्रतिमा सावरण्यासाठी मागितली जात असेल, तर ती मागण्याचे कारणच चुकले आहे, एवढाच माझ्या मते त्याचा अर्थ.

पैशाचा भाग इथे सर्वांत महत्त्वाचा आहे. बेंजामिन हो यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ माफीकडे संकेत म्हणून पाहतात: ती मागताना काहीतरी खर्ची पडले, तरच ती मनापासून आहे हे समोरच्याला कळते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे उबरच्या सुमारे १५ लाख गिऱ्हाइकांवर तपासले. गाडी उशिरा पोचलेल्यांपैकी काहींना नुसता माफीचा ईमेल गेला, काहींना ५ डॉलरचे कूपन, काहींना दोन्ही. नुसत्या शब्दांचा जवळजवळ उपयोग झाला नाही. कूपनाचा झाला. आणि वारंवार माफी मागितली, पण गाड्या उशिराच येत राहिल्या, तेव्हा मुळात माफी न मागितलेली परवडली असती असे दिसले.

श्रीमंताला खर्च म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचे मालक डोनाल्ड स्टर्लिंग यांचे वर्णद्वेषी बोलणे एप्रिल २०१४ मध्ये ध्वनिमुद्रणातून बाहेर आले. एनबीए या बास्केटबॉल संघटनेने चार दिवसांत त्यांच्यावर आजन्म बंदी घातली आणि २५ लाख डॉलर दंड केला. नियमाप्रमाणे यापेक्षा जास्त दंड करता येत नव्हता. त्यानंतर दोन आठवड्यांनी त्यांनी सीएनएनवर माफी मागितली आणि त्याच मुलाखतीत मॅजिक जॉन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूवर तोंडसुख घेतले. १९८१ मध्ये त्यांनी सव्वा कोटी डॉलरना घेतलेला हा संघ त्याच वर्षी २ अब्ज डॉलरना विकला गेला. अशा माणसाला दंडाचा आकडा बोचत नाही. बोचते ते स्थान जाणे: मालकाची खुर्ची, आत शिरण्याचा अधिकार, फोन केला की उचलला जाण्याची खात्री. राजकीय देणगीदाराच्या बाबतीतही माफीची किंमत याच मापाने मोजावी लागते. त्याची ऊठबस बदलली का? त्याचे पैसे पक्षाकडेच राहिले का?

ब्रिटनमध्ये पैसे परत करण्याची कायदेशीर सक्ती नव्हती. राजकीय पक्षांबाबतच्या २००० सालच्या कायद्यानुसार देणगी आल्यावर पक्षाला ३० दिवसांत देणगीदार पात्र आहे का ते तपासावे लागते. ही पात्रता म्हणजे मतदार यादीत नाव असणे, किंवा कंपनी ब्रिटनमध्ये नोंदलेली असून तिथे व्यवसाय करत असणे. देणगीदार काय बोलतो, याचा त्यात संबंध नाही. म्हणजे पैसे ठेवणे हा पक्षाचा स्वतःचा निर्णय होता. पहिला एक दिवस सरकारने त्या बोलण्याला वर्णद्वेषी म्हणायचेही टाळले. १२ मार्चला केमी बेडनॉक या तेव्हाच्या मंत्र्यांनी तो शब्द वापरला आणि संध्याकाळी तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या कार्यालयाने. सोबत हेही सांगितले की हेस्टर यांनी माफी मागितली आहे आणि पश्चात्ताप दिसतो तिथे तो स्वीकारला पाहिजे. पुढे जूनमध्ये निवडणूक आयोगाच्या आकड्यांतून कळले की २०२४ च्या पहिल्या तिमाहीत याच गोटातून पक्षाला आणखी ५० लाख पौंड आले होते.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. दुखावलेली व्यक्ती एक, माफी स्वीकारणारा दुसरा, आणि त्या दुसऱ्याच्या खिशात माफी मागणाऱ्याचे पैसे. जेन रायझन आणि थॉमस गिलोविच यांनी २००७ मध्ये दाखवले की बळेच मागितलेली माफी बघ्यांना खटकते, पण जिची माफी मागितली जाते ती व्यक्ती खरी आणि बळजबरीची माफी जवळजवळ सारखीच स्वीकारते. नाकारले तर आपणच वाईट ठरू, हा दबाव तिच्यावर असतो. पंतप्रधानच ‘स्वीकारली पाहिजे’ म्हणाले की हा दबाव किती पटींनी वाढत असेल!

१३ मार्चला हाउस ऑफ कॉमन्समध्ये पंतप्रधानांना प्रश्न विचारण्याचा तास होता. यादीत नाव नसलेल्या खासदाराला बोलायचे असेल, तर प्रत्येक उत्तर संपले की उभे राहायचे, सभापतींची नजर पडते का पाहायचे आणि नाही पडली तर बसायचे, अशी तिथली रीत. अ‍ॅबट ४६ वेळा उभ्या राहिल्या. विरोधी नेत्यांनी त्यांच्यावरून सरकारला धारेवर धरले, सुनक यांनी उत्तरे दिली, पण अ‍ॅबट यांचे नाव पुकारले गेले नाही. वेळ पुरला नाही, असे सभापतींच्या कार्यालयाने सांगितले. जिच्यावरून हा सगळा प्रसंग उभा राहिला, तिला सोडून सगळे बोलले.

आणि दुखावली गेलेली ती एकटी नव्हती. ‘सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया’ म्हटल्यावर इजा समूहाला होते, आणि कुणा एकीला फोन करून ती निस्तरता येत नाही. अ‍ॅबट यांच्यावर हे पहिल्यांदाही कोसळलेले नव्हते. २०१७ च्या निवडणुकीआधीच्या सहा आठवड्यांत महिला खासदारांना उद्देशून आलेल्या शिवीगाळीच्या ट्वीटपैकी ४५ टक्के एकट्या त्यांच्या वाट्याला आली होती, असे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने मोजले आहे.

तुलनेसाठी दुसरे टोक अ‍ॅबट यांच्याच बाबतीत सापडते. एप्रिल २०२३ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात ज्यू, आयरिश आणि भटक्या समाजाच्या लोकांना पूर्वग्रह सोसावा लागतो, पण तो वर्णद्वेष नव्हे, असे त्यांनी म्हटले. त्या विधानाने लोक दुखावले आणि ते रास्तच होते. त्यांनी त्याच दिवशी संपूर्ण विधान मागे घेऊन माफी मागितली. तरी त्यांच्याच मजूर पक्षाने त्यांना संसदीय पक्षातून निलंबित केले आणि परत घ्यायला वर्षाहून जास्त काळ लावला. जुलै २०२५ मध्ये त्या वादाचा आपल्याला पश्चात्ताप नाही, असे बीबीसीला सांगितल्यावर पुन्हा निलंबन झाले. इथे माफी होती आणि परिणामही भोगावे लागले, शिवाय माफीनंतरचे बोलणेही तपासले गेले. ही कसोटी १ कोटी पौंड देणाऱ्यालाही तशीच लागायला हवी होती.

धडधाकट माफी लिहिणे अशक्य नाही, पण ती लिहिणे माणसाला जड जाते. माफी मागायला नकार दिला की लोकांना आपल्या हातात जास्त सत्ता आहे असे वाटते, स्वतःबद्दल बरे वाटते, असे टायलर ओकिमोटो आणि सहकाऱ्यांना २०१३ मध्ये आढळले. सत्तेची सवय असलेल्याला ही चव सोडवत नसणार. करीना शूमन यांनी यावर उपाय शोधला: आधी स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या एखाद्या मूल्याबद्दल चार ओळी लिहायला लावल्या, तर लोक त्यानंतर जास्त पूर्ण आणि कमी बचावात्मक माफी लिहितात.

अशा माणसाचे निवेदन लिहून देणाऱ्याने म्हणून आधी त्याचे शब्द जसेच्या तसे मांडावेत आणि ते वर्णद्वेषी होते, हिंसेची भाषा होती, हे त्याच्याच तोंडून वदवावे. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे वाक्य खोडावे. लहानपणी आपण काय सोसले, ही माहिती काढून टाकावी. तिच्यामुळे बोलणाऱ्याला सूट मिळते, ऐकणारीला काही मिळत नाही. ज्यांच्यासमोर ते बोलले गेले त्या कर्मचाऱ्यांनाही संबोधावे. काय सोडणार, कोणते पद, कोणता प्रवेश, किती रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहावे. फोन करण्याआधी, आपल्याशी बोलायचे आहे का, हे दुखावलेल्या व्यक्तीला तिसऱ्यामार्फत विचारावे, आणि ती नाही म्हणाली तर तो नकार निवेदनात वापरू नये.