दोन जाळ्यांच्या सांध्यात हरवणारं पाणी

जहाजाच्या फिरत्या पंख्याभोवती पाणी कसं वाहतं हे संगणकावर काढायचं, तर पाण्याचे लाखो बारीक सेल, म्हणजे कप्पे, पाडावे लागतात; त्यांची मिळून होते जाळी. एकच जाळी घेतली तर पंख्याबरोबर ती पिळवटून निघते. म्हणून पंख्याला चिकटून त्याच्यासोबत फिरणारी एक जाळी, आणि सगळं पाणी व्यापणारी दुसरी स्थिर जाळी, अशा दोन एकमेकींवर अंथरतात. हीच ओव्हरसेट मेश. 1980च्या दशकात जोसेफ स्टेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विमानांच्या गणितात रुजवली. नासाने स्पेस शटल, त्याची इंधनटाकी आणि बूस्टर यांच्याभोवतीची हवा याच पद्धतीने मोजली.

स्थिर जाळीतले, पंख्याखाली झाकले गेलेले सेल गणितातून वगळतात, म्हणजे त्या जाळीत भोक पडतं. त्या भोकाचा काठ आणि फिरत्या जाळीची बाहेरची कड म्हणजे फ्रिंज. तिथल्या सेलांना वेग आणि दाब पलीकडच्या जाळीतल्या डोनर, म्हणजे किमती देणाऱ्या, सेलांकडून उसने घ्यावे लागतात. वस्तुमानाचा हिशोब बिघडतो तो इथे.

1 मीटर रुंदीचा प्रवाह घ्या: मध्यावर वेग सेकंदाला 1 मीटर, दोन्ही काठांना शून्य, मधे पॅराबोला. मीटरभर खोलीमागे खरा प्रवाह सेकंदाला 0.667 घनमीटर. डोनर बिंदू अर्ध्या मीटरवर असले आणि मधल्या किमती सरळ रेषेने काढल्या, तर येतात 0.5, चौथा हिस्सा पाणी गेलं! पाव मीटरवर 0.625, दहा सेंटीमीटरवर 0.660. डोनर बिंदूंवरचा वेग तंतोतंत बरोबर, तरी बेरीज चुकते.

पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ही तूट दाबाच्या समीकरणाच्या गळ्यात पडते. बंद टाकीत तर आत-बाहेरचा प्रवाह जुळला नाही की त्या समीकरणाला उत्तरच नसतं. रेसिड्युअल, म्हणजे समीकरणात उरलेली चूक, एका जागी अडकतो. बाहेर जायला वाट असेल तर फरक तिथून निघून जातो, गणित सुरळीत दिसतं, पण पंख्यावरचं बल दर वेळ-पावलाला, म्हणजे गणित ज्या छोट्या वेळ-टप्प्यांनी पुढे जातं त्या प्रत्येक टप्प्याला, थरथरत राहतं. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो लवकर लक्षात येत नाही.

उपाय साधा आहे. दाब सोडवण्याआधी फ्रिंजवरच्या सेलांच्या सगळ्या बाजूंमधून जाणारा प्रवाह मोजायचा. समजा सेकंदाला आत 10.00 किलो आणि बाहेर 9.96 किलो. फरक 0.04, दोन्हींची बेरीज 19.96, म्हणजे गुणोत्तर सुमारे 0.002. आत येणारा प्रत्येक प्रवाह तेवढ्या अंशाने घटवायचा, बाहेर जाणारा वाढवायचा, दोन्हीकडे 9.98 येतात. जिथे प्रवाह मोठा तिथे दुरुस्ती मोठी, म्हणून संथ पाण्यात खोटा वेग शिरत नाही.

मात्र ही दुरुस्ती भरड जाळीवर पांघरूण घालू शकते. दुरुस्ती एक टक्क्याच्या वर जाऊ लागली, तर आधी जाळी तपासावी: फ्रिंज आणि डोनर सेलांचे आकार जवळपास सारखे हवेत, दोन्ही जाळ्या चार-पाच सेल तरी एकमेकींवर याव्यात, आणि एका वेळ-पावलात फ्रिंज एका सेलापेक्षा जास्त सरकू नये. ती जास्त सरकली, तर भोकातून एकदम उघडे पडलेले सेल मागच्या पावलाची किंमत नसताना गणितात येतात, आणि दाबाचा काटा नेमका त्याच क्षणी उसळतो.