चांगली शेंग कढईत येण्याआधी

दिवाळी उलटली, की नाशिकच्या गोदाघाटावर भरणाऱ्या बुधवारच्या बाजारात भुईमुगाच्या वाळल्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. गिऱ्हाईक एक शेंग फोडतं, दाणे तोंडात टाकतं आणि मग भाव विचारतं. रीत चांगली आहे, पण कच्चा दाणा सगळं सांगत नाही. भाजल्यावर शेंग कशी लागेल हे बरंचसं ती जमिनीत असताना आणि उपटल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच ठरून गेलेलं असतं. म्हणून निवडीबद्दल बोलायचं तर आधी पिकाबद्दल बोलावं लागतं.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आजचा बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाचा उत्तर भाग या पट्ट्यात दोन रानटी जातींचा संकर होऊन तो जन्मला. पेरू देशातल्या उत्खननांत सात हजार वर्षांहून जुनी टरफलं मिळाली आहेत. तिथल्याच सिपान गावी १९८७ साली मोचे या प्राचीन संस्कृतीतल्या एका राजाचं थडगं उघडलं, तेव्हा त्याच्या गळ्यात सोन्याचांदीच्या मण्यांचा हार निघाला आणि प्रत्येक मणी हुबेहूब भुईमुगाच्या शेंगेचा होता. ज्या शेंगा आपण शेकोटीभोवती बसून मूठमूठ संपवतो, त्यांचा तिथे केवढा मान होता!

पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे सोळाव्या शतकानंतर हे पीक आपल्याकडे पोचलं, असं मानलं जातं. म्हणजे दाण्याचं कूट फार तर चारशे-साडेचारशे वर्षांचं. उपवासाच्या ताटातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळं आणि हिरवी मिरची ही सगळी मंडळीही अमेरिका खंडातलीच. तरी एकादशीला दाण्याचं कूट नसलेली खिचडी कुणाला चालेल? पाहुणी पिकं इतकी घरची होऊन गेली आहेत.

महाराष्ट्रात जमिनीवर पसरणारा पसऱ्या, थोडा पसरणारा निमपसऱ्या आणि उभा झुडपासारखा वाढणारा उपट्या असे तिन्ही प्रकार लावले गेले. पावसावरच्या शेतीला लवकर हाती येणाऱ्या उपट्या जाती सोयीच्या पडल्या. जळगावच्या संशोधन केंद्रातून साठच्या दशकात एसबी-११ ही जात आली, मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जेएल-२४, म्हणजेच फुले प्रगती. तिचं पीक ९० ते ९५ दिवसांत तयार होतं. पुढे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून टॅग-२४ दिली. ती उन्हाळी भुईमुगात विशेष रुजली. माझं मत विचाराल, तर भाजायला या उपट्या जातींची लहान, दोन दाण्यांची शेंगच घ्यावी. मोठी, जाड टरफलाची शेंग दिसायला भारदस्त असते, पण ती सारखी भाजणं कठीण.

उपट्या जातींची एक खोड मात्र लक्षात ठेवायला हवी. त्यांच्या दाण्याला सुप्तावस्था, म्हणजे पक्व झाल्यावर काही काळ न उगवता राहणं, जवळजवळ नसते. काढणीच्या तोंडावर परतीचा पाऊस आला, तर दाण्याला जमिनीतच कोंब फुटतो. असा दाणा भाजल्यावर कडवट लागतो.

शेंग पोचट का निघते, याचं उत्तरही मातीतच आहे. फूल जमिनीवर येतं, मग त्याची आरी, म्हणजे फुलाखालून वाढणारा लांब देठ, खाली वाकून मातीत शिरते आणि टोकाला शेंग धरते. शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळांकडून फारसं येत नाही, ती ते भोवतालच्या मातीतून स्वतःच शोषते. म्हणून आऱ्या सुटताना कॅल्शियम पुरवणारं जिप्सम हे खनिज देतात, आणि पिकावरून रिकामं पिंप फिरवायचं तेही आऱ्या मातीत जाव्यात म्हणूनच. हे चुकलं की टरफल भरतं, दाणा भरत नाही.

आणि आता सगळ्यात गंभीर गोष्ट. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. शोध घेताना त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग लागला. पेंडीवर वाढलेल्या बुरशीचं ते विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते यकृताला घातक आहे, कर्करोगाला कारण ठरतं आणि घरी भाजल्याने पुरतं नष्ट होत नाही. उपटलेल्या शेंगा ओल्या राहिल्या, त्यांचा ढीग लावला, की ही बुरशी धरते. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत उतरेतो वाळवलेल्या शेंगा सुरक्षित राहतात. तेव्हा काळपट, सुरकुतलेले, बुरसट वासाचे दाणे भाजून खपवू नयेत, थेट फेकावेत. दोन रुपयांचं नुकसान होईल, होऊ द्या.

बाजारात शेंग कानाशी हलवावी. नीट वाळलेली खुळखुळते. मग एक फोडून टरफलाची आतली बाजू पाहावी. ती तपकिरी-काळसर असेल तर शेंग पक्व, पांढरी असेल तर कोवळी उपटलेली. फुटक्या आणि किडीने भोक पाडलेल्या शेंगा घरी आणल्यावर वेचून काढाव्यात.

भडभुंजे वाळूत भाजतात, त्याला कारण आहे. तापलेली वाळू शेंगेला सगळीकडून सारखा ताव देते. घरी जाड बुडाच्या कढईत वाळूऐवजी जाडं मीठ चालतं. मीठ आधी चांगलं तापवावं, शेंगा घालाव्यात आणि मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत हलवत राहावं. मोठ्या आचेवर टरफल करपतं आणि दाणा कच्चा राहतो. तो खमंग वास दाण्यातली प्रथिनं आणि साखर उष्णतेने एकत्र आली की सुटतो, त्याला हा वेळ द्यावाच लागतो. वास सुटला की एक शेंग फोडून लाल साल चोळावी. ती सुटत असेल आणि दाणा आतून फिकट बदामी दिसत असेल, तर लगेच उतरवावं. दाणा अजून मऊ लागेल, घाबरू नये, कुरकुरीतपणा निवल्यावरच येतो. गरम कढईत तशाच ठेवल्या तर पाच मिनिटांत चव जळकटाकडे झुकते, म्हणून मीठ चाळून शेंगा परातीत पसराव्यात.

पूर्ण गार झाल्यावर टरफलासकट घट्ट डब्यात भराव्यात. सोललेल्या दाण्यातलं तेल लवकर खवट होतं, तेव्हा लागतील तेवढेच सोलावेत.